काट्याचा पीसी, रास्पबेरी पाय आणि लॅपटॉप: तिघांचे कर्नल एकाच ठिकाणी कसे कंपाइल करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्याला जोडलेला एक जुना पेंटियम ४ आहे. तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान नोंदवणारा रास्पबेरी पाय ४ आहे. तिसरा स्वतःचा आय५ लॅपटॉप. लॅपटॉपवर लिनक्सच्या कर्नलचा (हार्डवेअर चालवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ६.१२ चा सोर्स उतरवला, 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' करून कर्नल तयार केला, त्यातली बीझेडइमेज (तयार कर्नलची फाइल) उचलून काट्याच्या पीसीच्या बूट फोल्डरमध्ये टाकली. आधी संदेश आला की या कर्नलला एक्स८६-६४ सीपीयू लागतो, इथे आय६८६ दिसतोय. मग ३२-बिट करून टाकली तर 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)' म्हणून पॅनिक, म्हणजे कर्नलने तिथेच हात टेकले. कंपाइलला अख्खी रात्र गेली ती वेगळीच. पायची सुरुवात कुठून करायची तेही कळत नाही. तर तिन्हींवर चालेल असा एकच कर्नल करता येईल का?

नाही. पेंटियम ४ तुमच्या बाबतीत ३२-बिट आहे, लॅपटॉप ६४-बिट आणि पाय तर एआरएम, म्हणजे भाषाच वेगळी. एकच गोष्ट सामाईक ठेवता येते: कंपाइल करायची जागा. काम सगळं लॅपटॉपवर करा, पण प्रत्येक मशीनची कॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं याची यादी) त्या मशीनकडूनच आली पाहिजे. तुमची गडबड इथेच झाली आहे. लोकलमॉडकॉन्फिग ज्या मशीनवर चालवाल त्या मशीनमध्ये आत्ता लोड असलेली मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) बघतं आणि बाकीची बंद करतं. लॅपटॉपवर चालवलंत, त्यामुळे लॅपटॉपचं हार्डवेअर ठेवलं गेलं आणि काट्याच्या पीसीला जे लागतं ते सगळं छाटलं गेलं.

लॅपटॉपसाठी कर्नल कंपाइल करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वेग वाढेल म्हणून लोक करतात; रोजच्या वापरात फरक जाणवत नाही. उलट सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल बूटच होत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप येत होते ते तुमच्या डोक्यावर येतात. स्वतःचा कर्नल करायला कारण हवं: ड्रायव्हर नाही, एखादा पॅच लावायचा आहे, वेळेची हमी हवी आहे, किंवा डिस्ट्रोने (डेबियन, उबंटू यांसारख्या तयार लिनक्सने) तुमचं हार्डवेअर सोडून दिलं आहे. काट्याच्या पीसीला हे शेवटचं कारण लागू आहे. डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही येत नाहीत. १२ वर राहायचं असेल तर तिथला ६.१ चा कर्नल चालतो, पण ६.१२ हवाच असेल तर स्वतः करणं आलं. तसं हे नवीन नाही. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ वर लिनक्स लिहिलं, त्या ३८६ चा आधारही २०१३ च्या ३.८ मधून काढून टाकला गेला.

आता पॅनिक. ती ओळ नीट वाचली तर निम्मं निदान तिथेच होतं. कंसातले आकडे (०,०) असतील तर कर्नलला रूटची, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिमची, डिस्कच ओळखता आली नाही. (८,१) असते तर डिस्क सापडली, पहिलं पार्टिशनही सापडलं, फक्त फाइलसिस्टिम वाचता आली नाही असा अर्थ झाला असता. ८ हा एसडीए जातीच्या डिस्कचा क्रमांक. पॅनिकच्या जरा वर उपलब्ध पार्टिशनची यादी छापलेली असते. ती यादी रिकामी असेल तर डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, हे नक्की समजा. मोबाइलवर फोटो काढताना लोक खालच्या चार ओळींचाच काढतात, खरी माहिती वरच्या ओळींत असते.

तुमच्या पॅनिकमधून आणखी एक गोष्ट कळते: इनिट्रॅमएफएस (बूट होताना कर्नलसोबत लोड होणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) लोडच झालेला नाही. तो लोड झाला असता आणि नुसता ड्रायव्हर नसता, तर डेबियनने 'अमुक यूयूआयडी सापडत नाही' (यूयूआयडी म्हणजे फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) असं सांगून एका छोट्या शेलमध्ये नेऊन सोडलं असतं. पॅनिक झाला, कारण तुम्ही एकटी बीझेडइमेज नेलीत. ग्रबच्या (कर्नल लोड करणारा प्रोग्राम) ओळीत रूट म्हणून यूयूआयडी दिलेला असतो, आणि फाइलसिस्टिमचा यूयूआयडी कर्नलला स्वतःला कळत नाही. तो शोधून देण्याचं काम इनिट्रॅमएफएसमधल्या स्क्रिप्ट करतात. इनिट्रॅमएफएसशिवाय बूट करायचं असेल तर रूट पार्टयूयूआयडीने (पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने) किंवा सरळ /डेव्ह/एसडीए१ असं द्यावं लागतं. म्हणजे तुमच्याकडे दोन दोष एकावर एक बसले होते; ड्रायव्हर घातला असतात तरी यूयूआयडीपाशी गाडी अडलीच असती.

ड्रायव्हर कोणता ते अंदाजाने ठरवू नका. काट्याच्या पीसीवर जुना, चालू असलेला कर्नल बूट करा आणि 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. आयडीई इंटरफेसच्या नोंदीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन युज' अशी ओळ दिसेल. इंटेल चिपसेटच्या त्या काळातल्या बोर्डावर तिथे बहुधा 'एटीए_पीआयआयएक्स' असतं. व्हीआयए किंवा एसआयएस चिपसेट असेल तर नाव वेगळं. आता इथे एक मेख आहे. डिस्क आयडीई केबलवाली असली तरी कर्नलमध्ये ती स्कझीच्या (डिस्क जोडण्याची दुसरी पद्धत) मार्गाने येते, म्हणून 'स्कझी डिस्क सपोर्ट' चालू नसेल तर एटीए_पीआयआयएक्स असूनही डिस्क दिसत नाही. 'माझ्याकडे स्कझी नाही' म्हणून तो पर्याय बंद करणारे बरेच भेटतात. आयडीईची जुनी स्वतंत्र यंत्रणा ५.१४ मध्ये, २०२१ ला काढून टाकली, त्यामुळे एचडीए१ अशी नावं सांगणारे जुने लेख आता उपयोगाचे नाहीत.

काम असं करा. काट्याच्या पीसीवर, जुन्या कर्नलमध्ये, जे जे कधीतरी जोडलं जातं ते सगळं एकदा जोडा: प्रिंटर, पेनड्राइव्ह, नेटसाठी मोबाइल, आणि ड्रॉवरमध्ये पडलेला यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर. हा कन्व्हर्टर विसरू नका. काट्याचा इंडिकेटर आज मागच्या सिरियल पोर्टवर चालत असेल, पण पोर्ट जळाला की दिवसभराच्या सौद्यांत त्याच कन्व्हर्टरवर काम न्यावं लागतं. तेव्हा सीएच३४१ किंवा पीएल२३०३ (अशा कन्व्हर्टरमधल्या चिप) चं मॉड्यूल कर्नलमध्ये नसेल तर वजन स्क्रीनवर येणार नाही, आणि तोलार, हमाल, व्यापारी सगळे तुमच्याकडे बघत उभे राहतील. सगळं जोडून झालं की 'एलएसएमओडी'चा (लोड असलेल्या मॉड्यूलची यादी) निकाल एका फाइलमध्ये घ्या, सोबत /बूट मधली चालू कर्नलची कॉन्फिग फाइल घ्या, दोन्ही पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर आणा.

लॅपटॉपवर सोर्सच्या फोल्डरमध्येच कंपाइल करायची सवय सोडा. आउटपुटचा फोल्डर वेगळा द्या, म्हणजे एकाच सोर्समधून हव्या तितक्या मशीनचे कर्नल एकमेकांत न मिसळता निघतात. आणलेली कॉन्फिग फाइल त्या फोल्डरमध्ये '.कॉन्फिग' नावाने ठेवा आणि मग:

मेक आर्च=आय३८६ ओ=../बिल्ड-काटा एलएसएमओडी=/होम/तुमचं-नाव/काटा.एलएसएमओडी लोकलमॉडकॉन्फिग

पाथ पूर्ण द्या. नव्या पर्यायांबद्दल ते प्रश्न विचारत बसेल. न कळणाऱ्या प्रश्नाला एंटर मारत जा, सुचवलेलं उत्तर ठीक असतं. सोर्समध्ये आधी कंपाइल केलेलं असेल तर वेगळा फोल्डर घेण्यापूर्वी 'मेक एमआरप्रॉपर' करायला सांगितलं जाईल. ते करण्याआधी जुनी '.कॉन्फिग' बाजूला काढून ठेवा, कारण एमआरप्रॉपर ती पुसून टाकतं. नुसतं 'मेक क्लीन' पुसत नाही.

मग मेन्यूकॉन्फिग, म्हणजे पर्याय निवडायचा मेनू. हजारो पर्याय आहेत, वरून खाली वाचत बसू नका. तिरकी रेघ दाबा, पीआयआयएक्स टाइप करा. शोधाच्या निकालात प्रत्येकासमोर कंसात आकडा असतो, तो दाबला की थेट त्या जागी जाता येतं. एखादा पर्याय दिसतच नसेल तर निकालात 'डिपेंड्स ऑन' ही ओळ बघा. त्यात ज्याच्यापुढे 'एन' आहे तो आडवा आला आहे, आधी तो चालू करा. एटीए_पीआयआयएक्स, स्कझी डिस्क आणि ईएक्सटी४ (रूटची फाइलसिस्टिम) हे तिन्ही 'एम' (मॉड्यूल) न ठेवता 'वाय' (कर्नलच्या पोटात) करा. एकाच कामाच्या, हार्डवेअर न बदलणाऱ्या मशीनवर रूटच्या वाटेतलं सगळं कर्नलच्या पोटातच असावं, म्हणजे इनिट्रॅमएफएस बिघडला तरी वरचा /डेव्ह/एसडीए१ चा उपाय हाताशी राहतो.

पण म्हणून सगळंच 'वाय' करू नका. फर्मवेअरची फाइल मागणारे ड्रायव्हर, म्हणजे बहुतेक वाय-फाय आणि नवी ग्राफिक्स कार्डं, पोटात घातले तर ते रूट माउंट होण्याआधीच जागे होतात. तेव्हा फर्मवेअर डिस्कवर असून त्यांना मिळत नाही. असे ड्रायव्हर मॉड्यूलच राहू द्या.

'.कॉन्फिग' हाताने एडिट करण्यात एक धोका आहे. अवलंबून असलेली गोष्ट बंद असेल तर पुढच्या 'ओल्डडेफकॉन्फिग'ला (जुनी कॉन्फिग सोर्सशी जुळवून घेणारी कमांड) तुमची ओळ गुपचूप उडवली जाते, एरर वगैरे काही येत नाही. म्हणून कंपाइलला लावण्याआधी हव्या त्या चार-पाच ओळी फाइलमध्ये ग्रेप करून (शोधून) खात्री करा. आणि आर्च=आय३८६ हे प्रत्येक मेक कमांडला द्या, मेन्यूकॉन्फिगलासुद्धा. एकदा विसरलात की कॉन्फिग लॅपटॉपच्या आर्किटेक्चरची होऊन बसते.

रात्रभर चालण्याची कारणं ठरलेली असतात. डिस्ट्रोची कॉन्फिग तशीच घेतली तर जगातल्या प्रत्येक हार्डवेअरची मॉड्यूल कंपाइल होतात. लोकलमॉडकॉन्फिगने तो भार उतरतो. दुसरं, डीबग इन्फो, म्हणजे दोष शोधण्यासाठीची जादा माहिती. 'कर्नल हॅकिंग' मेनूत जाऊन ती बंद करा; चालू असताना बिल्डचा फोल्डर वीस जीबीच्या पुढेही जातो आणि जुन्या हार्डडिस्कवर लिंकिंगच रडत बसतं. तिसरं, नुसतं 'मेक' दिलं तर एकच कोर राबतो. '-जे' पुढे 'एनप्रॉक'चा (कोर किती ते सांगणारी कमांड) आकडा द्या. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उकाड्यात लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो, तेव्हा दोन कोर मोकळे ठेवलेले बरे. वीज गेली आणि बॅटरी संपली तर पुन्हा तीच कमांड द्या, झालेलं काम वाया जात नाही. पण अचानक बंद पडल्यावर काही ऑब्जेक्ट फाइल शून्य आकाराच्या राहू शकतात आणि मग लिंकिंगला विचित्र एरर येतात. अशा वेळी सोर्समध्ये दोष शोधू नका, 'मेक क्लीन' करून पुन्हा लावा.

डेबियन किंवा उबंटूची कॉन्फिग वापरली की सर्टिफिकेटची पेम फाइल सापडत नाही म्हणून कंपाइल थांबतं. ती फाइल त्यांच्या पॅकेजिंगमध्ये असते, मूळ सोर्समध्ये नसते. 'सिस्टम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टम रिव्होकेशन कीज' यांच्या किमती रिकाम्या करा, झालं.

पायचा मार्ग वेगळा आहे आणि खरं तर सोपा आहे. पीसीमध्ये कोणतं कार्ड कुठे बसलंय हे पीसीआय आणि एसीपीआय कर्नलला सांगतात. एआरएम बोर्डावर असं सांगणारं कोणी नसतं. ती माहिती डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फाइलमधून येते. म्हणून तिथे कर्नल, मॉड्यूल आणि डीटीबी (हीच डिव्हाइस ट्रीची फाइल) हे तिन्ही सोबत तयार करून सोबतच न्यायचे. एक नवं आणि एक जुनं अशी सरमिसळ केली की कार्ड बूट होतं, पण आय२सी (छोट्या चिप जोडायची वाहिनी) नाही किंवा यूएसबी नाही अशा तक्रारी सुरू होतात.

सोर्स कर्नल डॉट ऑर्गचा न घेता रास्पबेरी पायच्या स्वतःच्या गिट शाखेतला घ्या, कारण त्यांची ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला जोडायचे छोटे तुकडे) आणि काही ड्रायव्हर तिथेच असतात. '--डेप्थ=१' दिलं की सगळा इतिहास उतरत नाही. क्रॉस कंपायलरचं (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी कंपाइल करणारा) पॅकेज टाकून:

मेक आर्च=एआरएम६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- बीसीएम२७११_डेफकॉन्फिग

आणि मग त्याच दोन गोष्टी पुढे ठेवून इमेज, मॉड्यूल्स आणि डीटीबीएस. 'जीएनयू'नंतरची रेघ नावाचाच भाग आहे, ती गाळू नका. बीसीएम२७११ ही पाय ४ ची चिप. याच कॉन्फिगचा ६४-बिट कर्नल पाय ३ वरही चालतो. पाय ५ साठी बीसीएम२७१२ ची वेगळी डेफकॉन्फिग (बोर्डाची तयार कॉन्फिग) आहे. त्यात मेमरीचं पान ४ केबीऐवजी १६ केबीचं असतं आणि काही जुने ३२-बिट प्रोग्राम त्यावर अडतात.

तुमच्या कामाला डीएस१८बी२० चे तापमान सेन्सर आणि घड्याळाची चिप एवढंच लागेल. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि नेटही नसेल तर तापमानाच्या नोंदींवर चुकीची वेळ पडते आणि मग बेदाण्याची खोली नेमकी कधी गरम झाली यावरून वाद. डीएस३२३१ चं मॉड्यूल लावा, पण मेन्यूकॉन्फिगमध्ये त्या नावाने शोधत बसू नका: ते डीएस१३०७ च्या ड्रायव्हरमध्येच आहे. सेन्सरसाठी वन-वायर, त्याचा जीपीआयओ मास्टर आणि 'थर्मल फॅमिली' हा स्लेव्ह, असे तीन पर्याय. हे सगळं मूळ कॉन्फिगमध्ये मॉड्यूल म्हणून आधीच चालू असतं, तेव्हा आधी कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये 'डब्ल्यू१-जीपीआयओ' आणि 'आय२सी-आरटीसी,डीएस३२३१' ही ओव्हरले टाकून बघा. एवढ्यावर भागलं तर पायचा कर्नलही कंपाइल करायची गरज नाही.

केलाच, तर नवी इमेज कर्नल८.आयएमजी वर ओव्हरराइट करू नका. वेगळं नाव द्या आणि कॉन्फिग.टीएक्सटीची नक्कल ट्रायबूट.टीएक्सटी नावाने करून फक्त तिच्यात 'कर्नल=' पुढे ते नाव लिहा. डीटीबी आणि ओव्हरलेही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ट्रायबूटमध्येच 'ओएस_प्रीफिक्स'ने तो फोल्डर दाखवला तर जुना संच जसाच्या तसा राहतो. मग 'रीबूट "० ट्रायबूट"' दिलं की पाय फक्त एकदाच नवा कर्नल घेऊन बघतो. अडकला तर वीज बंद-चालू केली की जुन्यावर परत. कोल्ड स्टोरेजच्या वॉचमनला फोनवरून 'वायर काढून परत लावा' एवढं सांगता येतं. कार्ड बदलायला मात्र तुम्हालाच तासगावला जावं लागेल.

काट्याच्या पीसीवरही असाच परतीचा मार्ग आहे. 'मेक आर्च=आय३८६ ओ=../बिल्ड-काटा बिनडेब-पीकेजी' दिलं की .डेब पॅकेज तयार होतात. वाटेत एखादं पॅकेज किंवा कंपायलर मागेल ते टाका. तेच पेनड्राइव्हवरून नेऊन डीपीकेजीने बसवा. इनिट्रॅमएफएस आणि ग्रबची नोंद आपोआप होते, नुसती बीझेडइमेज नेण्याचा घोळच राहत नाही. 'लोकलव्हर्जन'मध्ये '-काटा१' असं काहीतरी लिहा, नाहीतर दोन कर्नलची मॉड्यूल एकाच फोल्डरवर येऊन बसतात. ग्रबमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्हड' आणि कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' ठेवा, अपडेट-ग्रब करा, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने जुना कर्नल कायम ठेवा, मग 'ग्रब-रीबूट'ने नवा निवडा. नवा एकदाच वापरला जातो. पॅनिक झाला तर दहा सेकंदांत मशीन स्वतः उठून जुन्यावर येतं. तरीही हे सौदे आटोपल्यावर, संध्याकाळी करा.

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या लेथवर लिनक्ससीएनसी (यंत्र चालवणारा प्रोग्राम) चालवायचं आहे असंही शेवटी विचारलं आहे. त्याला प्रीएम्प्ट_आरटी (वेळेची हमी देणारा कर्नलचा पर्याय) लागतं, आणि ते नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्ये आलं आहे, वेगळा पॅच नको. मेनूत दिसत नसेल तर आधी 'एक्सपर्ट' पर्याय चालू करा. पण डेबियनमध्ये ६४-बिट पीसीसाठी आरटी कर्नल तयार मिळतो. आधी तो टाका आणि सायक्लिकटेस्ट (कर्नलला किती उशीर होतो ते मोजणारा प्रोग्राम) तासभर चालवा, सोबत ब्राउझर, फाइल कॉपी, सगळा भार टाका. सरासरी बघू नका, सर्वांत मोठा आकडा बघा. स्टेपर मोटरचा ठोका तिथेच चुकतो. आरटीने मशीन वेगवान होत नाही, थोडं मंदच होतं. आकडा अधूनमधून उसळत असेल तर आधी प्रोसेसरची झोप कमी करा, 'प्रोसेसर.मॅक्स_सीस्टेट=१'. तरीही उसळत असेल तर तो बायोसचा स्वतःचा इंटरप्ट असण्याची शक्यता मोठी, आणि त्याला कोणताही कर्नल थोपवू शकत नाही. तिथे दुसरा मदरबोर्ड बघा.

काट्याचा पीसी आणि पाय, दोन्ही मशीनची कॉन्फिग 'मेक सेव्हडेफकॉन्फिग'ने काढून गिटमध्ये ठेवा. त्यात मूळच्या किमतींपेक्षा वेगळं तेवढंच येतं, त्यामुळे ६.१२ मालिकेतला पुढचा सुधारित आकडा आला की जुनी फाइल घालून 'ओल्डडेफकॉन्फिग' करायचं आणि कंपाइलला लावायचं. तो आकडा दर थोड्या दिवसांनी बदलतो, आणि काट्याच्या पीसीला नेट जोडलेलं असेल तर तो अपडेट आता तुम्हालाच करायचा आहे.